काळ्या वायरीवरचा लाल नाडा

आमच्या पाड्यावरून कॉलेजला जायचं तर आधी पाणी ओलांडावं लागतं. धरण झालं तेव्हा जुना रस्ता पाण्याखाली गेला. डोंगराच्या कडेने फिरून जायचं म्हटलं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून बोट. पलीकडच्या काठावर उतरलं की जीप, जीपने शहापूर, आणि तिथून चालत कॉलेज. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं त्यात या गोष्टीचाही हात आहे, म्हणून सांगते.

बोट काका चालवतात. ते माझे सख्खे काका नव्हेत. आमच्यापासून तिसरं घर त्यांचं, आणि सगळा पाडाच त्यांना काका म्हणतो. धरणात पाणी साठलं तेव्हापासून ते पाण्यावर आहेत. आधी वल्ह्याची होडी होती, मग कुठूनतरी खाडीवरून आणलेली ही जुनी फायबरची बोट आली आणि तिच्या मागे लटकवलेली मशीन. मशीन माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. तिचं पांढरं झाकण पिवळं पडलंय आणि एका बाजूला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेलं आहे. चावी फिरवली की सेल्फ मारते. सेल्फने नाही घेतली तर वरची दोरी ओढून सुरू करायची. पण काका हिरड्याच्या झाडावरून पडले होते तेव्हापासून त्यांचा उजवा खांदा वर जात नाही. त्यामुळे दोरी ही त्यांच्यासाठी शिक्षाच.

बोटीची बॅटरी मात्र फक्त बोटीची कधीच नव्हती. पाड्यावर लाईट गेली आणि कोणाकडे कार्य असलं की ती उचलून न्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. गौरीच्या नाचाला, बारशाला, हळदीला. नियम एकच: ज्याने नेली त्याने सकाळच्या पहिल्या फेरीआधी आणून जोडायची.

मार्गशीर्षात माझ्या चुलतबहिणीची हळद होती आणि नेमकी लाईट गेली. बॅटरी आणली, एलईडीच्या पट्ट्या लावल्या, धवळारीण बायकांनी लग्नाची गाणी म्हटली, सगळं नीट झालं. सकाळी वऱ्हाड बोटीने पलीकडे जायचं होतं. चुलतभावाने बॅटरी बोटीत आणून ठेवली आणि तो कपडे बदलायला पळाला. काका काठावर रुखवताच्या टोपल्या चढवून घेत होते. मला म्हणाले, "तू जोड गो. तुज्याच कालेजातला काम हाय ता."

मला त्याचा केवढा आनंद झाला होता.

बॅटरीपाशी दोन जाड वायरी येतात. कधीकाळी एक लाल असेल, पण उन्हाने आणि ऑइलने दोन्ही काळ्या पडलेल्या. त्यातल्या एकीवर लाल नाडा बांधलेला होता. आमच्या लॅबमध्ये पहिल्या दिवसापासून घोकून घेतलंय: लाल म्हणजे प्लस. मी नाड्याची वायर प्लसला आवळली. दुसरी मायनसला टेकवली, तशी निळी जाड ठिणगी उडाली, चर्र आवाज झाला आणि मशीनच्या झाकणाखालून जळक्या प्लास्टिकचा वास आला. मी हात मागे घेतला. मग वायरी उलट्या करून लावल्या. या वेळी काही झालं नाही.

"झाला का गो?" काकांनी काठावरून विचारलं.

"झालं, काका."

त्यांनी चावी फिरवली. मशीन एका दमात सुरू झाली. बायका बसल्या, करवलीच्या डोक्यावर कोणीतरी पाणी उडवलं, बोट निघाली. वास वाऱ्यावर निघून गेला. मी स्वतःला सांगितलं, सुरू झाली ना, मग काही नाही.

नंतर कळलं की तो नाडा काकींनी दसऱ्याला बांधलेला. दसऱ्याला त्या मशीनला हळदकुंकू वाहतात. नाडा बांधायचा तर गुळगुळीत झाकणावर ठरेना, म्हणून हाताशी आली त्या वायरीला बांधला. ती मायनसची होती. काका वायरी रंगावरून ओळखतच नाहीत. "लांबडी ती प्लस," एवढंच त्यांचं. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण इलेक्ट्रिकल शिकणाऱ्या मुलीने, अंगठा उठवणाऱ्या माणसाला, काठावर सगळं वऱ्हाड उभं असताना, प्लस कोणती हे विचारायचं? मला ते जमलं नाही. आता लिहितानाही लाज वाटते, पण खरं कारण तेच आहे.

संक्रांतीच्या सुमारास सेल्फ रुसू लागला. काका चावी फिरवायचे आणि आतून नुसतं 'कट्' वाजायचं. मशीन फिरायची नाही. बॅटरी जीपवाल्याबरोबर शहापूरला पाठवून चार्ज करून आणली की तीन-चार दिवस बरी चालायची, मग पुन्हा कट्. आमच्या बोटीत चावी उघडी राहिली तर एक दिवा जळत राहतो आणि बॅटरी उतरते, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे निदान आधीच ठरलेलं होतं.

"काका, चावी बंद करता का नाय?" कोणीतरी बोटीत चढता चढता म्हणायचं.

"करतो ना रे."

"मग ती काय मासे खातात का बॅटरी?"

लोक हसायचे. काकाही हसायचे. मी वहीत डोकं घालायची.

एका रविवारी काकांनीच मला बोलावलं. "तुजा ता मीटर घेऊन ये. बग जरा, काय झाला हाय."

माझ्याकडे पिवळा मल्टिमीटर आहे. मी तो घेऊन बोटीत बसले. आधी बॅटरीची टोकं खरवडली, त्यांवर पांढरी बुरशी धरली होती. मग मीटर लावला. मशीन बंद असताना बारा व्होल्टच्या जरा वर. सेल्फ मारला की आकडा एकदम आठापर्यंत कोसळत होता. म्हणजे सेल्फमध्ये दोष नाही, बॅटरीतच दम नाही. पण दम का नाही? काकांनी डाव्या हाताने दोरी ओढली, चौथ्या झटक्याला मशीन लागली. आता आकडा वाढायला हवा होता. मशीन चालू असताना ती स्वतः बॅटरी भरते, मीटरवर तेरा-चौदा दिसायला पाहिजेत. मी बघत राहिले. काकांनी मशीन जोरात केली. आकडा हलला नाही.

मला त्या क्षणी सगळं कळलं. मशीनच्या आतल्या चाकाखाली वीज तयार होते, पण ती बॅटरीच्या कामाची नसते. तिला सरळ करून बॅटरीकडे सोडणारा एक छोटा भाग असतो, रेक्टिफायर. वायरी उलट्या लागल्या की पहिल्यांदा मरतो तोच. आणि तो मेला तरी मशीन चालायची थांबत नाही, कारण प्लगच्या ठिणगीला बॅटरी लागत नाही. म्हणून त्या सकाळी कोणाला काही कळलं नव्हतं. जळका वास कशाचा होता, ते दीड महिन्याने मीटरने मला सांगितलं.

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हनतोय मीटर?"

"बॅटरी म्हातारी झालीय, काका," मी म्हणाले.

हे खोटं बोलायचं असं ठरवून मी बोलले नाही. तोंडातून आलं. मग ते परत घेता आलं नाही.

माझ्या शब्दावर पाड्याच्या कमिटीने दुसरी बॅटरी आणली. कमिटी म्हणजे बोटीचा कारभार बघणारे चार-पाच जण. आठ दिवसांनी तीही उतरली. आता बॅटरी नवी होती, मीटर लावून कॉलेजच्या पोरीने बघितलेलं होतं. दोष द्यायला मशीनमध्ये काही उरलं नव्हतं. उरले काका.

मला वाटतं, माझ्या हातून खरं वाईट झालं ते इथे. वायरी उलट्या लागणं ही चूक होती. कोणाच्याही हातून झाली असती. पण त्यानंतर मी एका माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा काढून घेतला. काका आता बोट बांधून वर निघाले की निम्म्या चढणीवरून परत फिरायचे. खाली उतरून चावी बघायचे. बंदच असायची. पुन्हा वर. कधी कधी पुन्हा खाली. एकदा मला कॉलेजवरून येताना वाटेत भेटले तर म्हणाले, "तू होतीस ना गो आता बोटीत? मी चावी फिरवली ना? तू बगितलीस?"

"हो काका, बघितली."

"हां. मग बरा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी पुन्हा कट्.

काकी एकदा आमच्या ओटीवर बसून आईला सांगत होत्या, "घरातसुदा तसाच करतात. चूल इझवली का, कोंबड्या कोंडल्या का, दहा येला इचारतात. वय झाला, दुसरा काय." आई म्हणाली, होतं असं. मी आत चहा गाळत होते. चहा किती वेळ गाळत होते कोण जाणे.

मग बाजाराचा दिवस आला. बोटीत बारा-तेरा माणसं, बहुतेक बायका, वालाच्या शेंगा आणि पळसाच्या पानांत बांधलेली भाजी. मीही होते. मध्यावर आल्यावर पंख्यात कोणाचंतरी तुटलेलं जाळं गुंतलं. काकांनी मशीन बंद केली, वाकून कोयत्याने जाळं कापून काढलं. मग चावी फिरवली. कट्.

दोरी. एकदा, दोनदा, सातदा. काकांचा खांदा वर जाईना, ते ओठ दाबून डाव्या हाताने ओढत होते. वारा सुटला होता आणि बोट हळूहळू बुडलेल्या झाडांच्या बाजूला सरकत होती. पाणी कमी झालं की तिथे काळे बुंधे वर येतात. बायका बुंध्यांकडे बघत होत्या. एकीने मुलाला पोटाशी धरलं.

"सरा काका," मी म्हणाले. मीही दोरी ओढली. हाताची साल निघाली. पेट्रोलचा वास भपकन येत होता, तेव्हा लक्षात आलं की ओढून ओढून आत पेट्रोल साचलंय. झाकण काढलं, प्लग खोलले. दोन्ही ओले. एक प्लग मशीनच्या अंगाला टेकवून काकांना दोरी ओढायला सांगितली. निळी ठिणगी पडली. म्हणजे ठिणगी ठीक, फक्त पेट्रोल जास्त. ओढणीने प्लग पुसले, चोक बंद केला, चार वेळा रिकामी ओढली, प्लग परत आवळले. मशीन लागली. बोट बुंध्यांपासून वळवली तेव्हा अंतर दोन बांबूंपेक्षा जास्त नव्हतं.

बायकांनी मला जवळ घेतलं. "पोरगी होती म्हनून वाचलो गो बाय." "शिकल्याचा चीज झाला." आणि मग काकांकडे न बघता एक आजी म्हणाल्या, "आता मानसानं आपलं आपन सोडावा. माती व्हायची आमची."

काका हँडल धरून समोर बघत होते. माझ्या पाठीवर लोकांचे हात होते आणि मला ते काढून टाकावेसे वाटत होते.

कमिटीची बैठक शाळेच्या पडवीत झाली. फार लांबली नाही. होळीनंतर बोट खालच्या पाड्यावरच्या एका तरण्या माणसाकडे द्यायची, असं बहुतेक आधीच ठरलं होतं. कोणी काकांना वेडंवाकडं बोललं नाही. उलट सगळे फार हळू बोलत होते, तेच वाईट होतं. अध्यक्षांनी विचारलं, "तुमाला काय बोलायचा हाय का, काका?"

काका उठून उभे राहिले. टोपी हातात घेतली. "चावी माज्याच हातून राहत असंल," म्हणाले. "मी बंद करतो असा मला वाटतो. पन बॅटरी उतरते, म्हंजी राहतच असंल. मला आठवत नाय." आणि खाली बसले.

मी बायकांच्या रांगेत खांबाला टेकून बसले होते. तोंड उघडलं तरी चाललं असतं. तीन पावलांवर सगळे होते. मी उघडलं नाही. घरी येऊन आईला डोकं दुखतंय असं सांगितलं.

पडल्या पडल्या मी एक सोपा मार्ग काढला होता. रेक्टिफायर आणायचा, कोणाला न सांगता बसवायचा, मशीन ठीक होईल, प्रकरण मिटेल. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून एसटीने मुरबाडला गेले. तिथे स्टँडच्या मागे एक गॅरेजवाले आहेत, मोटरसायकली आणि शेतातल्या पंपांची कामं करतात. पहाटे काका बोटीवर यायच्या आत मी जुना रेक्टिफायर काढून रुमालात बांधून नेला होता. त्यांनी मीटर लावला. एका बाजूने बघितलं, वायरी बदलून दुसऱ्या बाजूने बघितलं. दोन्हीकडे शून्य हालचाल.

"हा असाच नाय मरत," ते म्हणाले. "बॅटरी उलटी लावली होती का कोनी?"

मी रुमालाची घडी घालत राहिले.

"कोन होता तो शहाणा?"

"आमच्याकडचं कोणीतरी," मी म्हणाले.

"त्याला सांग, वायर जोडायच्या आधी चार अक्षरं शिक."

त्यांनी एका मोडलेल्या मोटरसायकलचा रेक्टिफायर काढून दिला, कोणती वायर कुठे ते कागदावर आखून दिलं. येताना एसटीत खिडकीशी बसले आणि तो कागद बघत बसले. किन्हवलीच्या आसपास माझ्या लक्षात आलं की मी काढलेला सोपा मार्ग किती वाईट आहे. होळी चार दिवसांवर आली होती. मी गुपचूप बसवला तर मशीन बरी झालेली लोकांना दिसेल ती होळीपासून. म्हणजे नव्या माणसाच्या हाती गेल्यापासून. मग सगळा पाडा म्हणेल, बघा, म्हाताऱ्याच्या हातातच दोष होता. आणि काकाही तेच म्हणतील. माझ्या दुरुस्तीने त्यांच्यावरचा शिक्का पक्का होणार होता.

उतरले ती सरळ काठावर गेले. काका बोटीतलं पाणी उपसत होते. मी बोटीच्या कडेवर बसून सगळं सांगितलं. हळदीची सकाळ, नाडा, ठिणगी, वास. मग तो रविवार, आणि मीटरचा न हललेला आकडा. फार नीट सांगता आलं नाही. मध्येच रडू आलं, मग रडत सांगणं म्हणजे माफ करायला लावणं असं वाटून ते आवरलं.

काका उपसायचा डबा हातात धरून ऐकत होते. मग विचारलं, "म्हंजी मी चावी बंद करत होतो?"

"हो काका. दर वेळी."

"एकदापन नाय इसरलो?"

"नाही."

त्यांनी डबा खाली ठेवला. मला वाटलं ते सुटल्यासारखं काही म्हणतील. पण त्यांचा चेहरा आवळला गेला. "मी बायकोला इचारायचो गो. झोपायच्या आदी. मी येडा होतोय का, म्हनून. आन् तुला ठावं होता."



"मी सॉरी..."

"मला नको बोलूस. मी ज्यांच्यापुढं टोपी काढून बोललो, त्यांच्यापुढं बोल."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांच्याच देखत मी रेक्टिफायर बसवला. पहिल्या फेरीला माणसं भरली. अध्यक्ष होते, बाजाराच्या दिवशीची ती आजी होती, खालच्या पाड्यावरचा तो तरणा माणूसही होता, मशीन बघायला म्हणून आलेला. काका चावी हातात घेऊन बसले आणि लावेनात.

"चला की काका, जीप जाईल," कोणीतरी म्हणालं.

"हिला बोलायचा हाय," काका म्हणाले.

मी उभी राहिले. बोट हलली म्हणून परत बसले आणि बसूनच बोलले. या वेळी रडले नाही. बोलून झाल्यावर मीटर लावला, काकांनी मशीन सुरू केली, आणि मी तो आकडा अध्यक्षांसमोर धरला. चौदा. त्यांना आकड्यातलं काय कळलं माहीत नाही, पण त्यांनी चष्मा लावून तो वाचला.

"म्हंजी मशीन इंजिनेर बाईनंच मारली," तरणा माणूस म्हणाला.

"आन् आमी म्हाताऱ्याला येडा ठरवला," आजी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तवा गप का बसलीस गो भवाने? आमी काय तुला पान्यात टाकली असती?"

कोणी हसलं नाही. पाणी ओलांडेपर्यंत कोणी माझ्याशी बोललंही नाही. उतरताना अध्यक्ष काकांना म्हणाले, "बोट तुमच्याकडंच राहील." काकांनी मान हलवली. तरणा माणूस त्याच फेरीने परत गेला. काकांनी त्याला दोरी ओढायची रीत दाखवली, एवढं मी काठावरून बघितलं.

तेव्हापासून मशीन बरी आहे. दर रविवारी मी मीटर लावून बघते, कोणी सांगत नाही तरी. शहापूरहून लाल नळी आणून लांबड्या वायरीवर चढवली. नाडा मी सोडणार होते, तर काका म्हणाले, राहू दे, तिनं बांधलाय. म्हणून मायनसच्या वायरीवर तो अजून आहे, ऑइलने निम्मा काळा झालेला. काका माझ्याशी बोलतात. पूर्वीसारखं "काय गो, आज लेक्चर नाय?" असं विचारतात. मशीनला काही झालं की अजूनही मलाच हाक मारतात, आणि तेव्हा मला कुठे बघावं कळत नाही.

काल संध्याकाळी शेवटच्या फेरीने आले. सगळे उतरले, काकांनी बोट बांधली, आम्ही बरोबरच चढण चढू लागलो. निम्म्यावर, जांभळीपाशी, ते थांबले.

"बंद केलीत काका," मी म्हणाले. "मी बघितली."

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

आणि एक हात गुडघ्यावर ठेवून, सावकाश, परत खाली उतरू लागले.